बोलायला उभे राहिले की घशाला कोरड का पडते?

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी भरलेल्या शालेय विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. आठवीतल्या एका मुलीने आपल्या गावातील तीन विहिरींच्या पाण्याचा जडपणा तपासला होता. साधने अगदी साधी होती : एक ड्रॉपर, साबणाचे द्रावण आणि बुचाच्या बाटल्या. ठरावीक पाण्यात टिकाऊ फेस येण्यासाठी साबणाच्या द्रावणाचे किती थेंब लागतात, ते मोजून तिने तक्ता केला होता. आम्ही तिघे परीक्षक हातात गुणपत्रिका घेऊन तिच्या टेबलासमोर उभे राहिलो. मी विचारले, "हा जडपणा तात्पुरता आहे की कायमचा, हे कसे ओळखशील?" मुलीने आवंढा गिळला आणि ती तक्त्याकडे पाहत राहिली. मी प्रश्न सोपा करून पुन्हा विचारला. ओठ हलले, शब्द फुटला नाही. "सरांनी करून दिलेले दिसते," असे एक परीक्षक पुटपुटले. मीही 'विषयाचे आकलन' या रकान्यात दहापैकी तीन गुण मांडले आणि पुढच्या टेबलाकडे वळले.

जेवणानंतर सहज त्याच खोलीतून जात होते. ती मुलगी दुसऱ्या शाळेतल्या दोन मुलांना सांगत होती, "पाणी उकळायचं, गार करायचं आणि परत थेंब मोजायचे. जेवढे थेंब कमी लागले तेवढा जडपणा तात्पुरता. आमच्या देवळामागच्या विहिरीचे थेंब फारसे कमी होतच नाहीत." उत्तर बिनचूक होते, इतकेच नव्हे तर तिने ते करून पाहिलेले होते. गुणपत्रिका तोवर कार्यालयात जमा झाल्या होत्या.

दीड तासात तिचे ज्ञान वाढले नव्हते. बदलली होती ती समोरची माणसे. मग सकाळी तिच्या शरीरात नेमके काय झाले होते?

तांदळाचे दिव्य

आपल्याकडील जुन्या धर्मशास्त्रांत आरोपीची परीक्षा घेण्यासाठी निरनिराळी 'दिव्ये' सांगितली आहेत. त्यांत एक तंदुल-दिव्य आहे. चोरीचा संशय असलेल्या माणसाला तांदूळ चघळायला देत आणि ते पिंपळाच्या पानावर थुंकायला लावत. थुंकीत रक्त दिसले किंवा अंगाला कंप सुटला, तर तो दोषी. तांदूळ कोरडेच बाहेर पडले तर तेही अपराधाचे लक्षण मानले जाई. या दिव्याची दखल एका अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने घेतली, ही गमतीची गोष्ट आहे. हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन यांनी वेदना, भूक, भीती आणि क्रोध यांमुळे शरीरात होणाऱ्या बदलांवर १९१५ साली एक पुस्तक लिहिले. भीतीने लाळ सुटायची थांबते, याचे उदाहरण म्हणून त्यांनी त्यात हिंदुस्थानातील या तांदळाच्या परीक्षेचा उल्लेख केला आहे.

निरीक्षण म्हणून ही परीक्षा खोटी नाही. भ्यालेल्या माणसाच्या तोंडाला कोरड पडते आणि त्याचे अंग कापते, हे खरेच आहे. चूक अनुमानात आहे. निर्दोष माणूससुद्धा पंचांसमोर उभा राहून, आपले काय होणार या विचाराने भ्यालेला असतो. तांदळाला चोर ओळखता येत नाही, भीती तेवढी ओळखता येते.

कॅनन यांचा या विषयातील प्रवेश मांजरांमुळे झाला. क्ष-किरणांचा शोध लागून दोन-तीन वर्षेच झाली होती. क्ष-किरणांत दिसेल असे बिस्मथचे संयुग अन्नात मिसळून ते मांजरांना खाऊ घालीत आणि जठराच्या हालचाली पाहत. मांजर चिडले किंवा घाबरले की जठराच्या लाटा तात्काळ थांबतात, असे त्यांना दिसले. आपण 'पोटात गोळा आला' म्हणतो, तो असा. पुढे त्यांनी या बदलांची साखळी उलगडली. धोका जाणवला की अनुकंपी चेतासंस्था जागी होते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून अॅड्रेनलिन हे संप्रेरक रक्तात मिसळते. हृदय जलद आणि जोराने धडधडते, यकृतातून साखर रक्तात येते, रक्त पचनसंस्थेकडून स्नायूंकडे वळते आणि तळहातांना घाम सुटतो. लाळ कमी आणि घट्ट होते, कारण या क्षणी जेवणाची घाई नसते. घाई असते ती लढण्याची किंवा पळण्याची.

वाघासमोर ही तयारी उपयोगाची आहे. व्यासपीठावर मात्र ना लढता येते, ना पळता येते. पेटलेले इंजिन गाडी जागीच उभी असताना थरथरते, तसे गुडघे थरथरतात. श्वास उथळ होतो, स्वरयंत्राचे स्नायू आवळले जातात आणि आवाज चिरकतो.

कॅनन यांच्या पुस्तकातील एक निरीक्षण शिक्षकांनी मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९१३ च्या मोसमातील सर्वांत चुरशीच्या फुटबॉल सामन्यानंतर लगेच हार्वर्डच्या संघातील २५ खेळाडूंची लघवी तपासण्यात आली. त्यांपैकी १२ जणांच्या लघवीत साखर आढळली. या बारांमध्ये पाच जण राखीव खेळाडू होते. ते मैदानात उतरलेच नव्हते. नुसते बाकावर बसून, आपली पाळी येईल की काय या विचारात असतानाच त्यांच्या शरीराने सगळी तयारी करून टाकली होती. वर्गात हजेरीपटाच्या क्रमाने प्रश्न विचारले जात असताना अठराव्या क्रमांकाचा मुलगा सोळाव्या क्रमांकाचे उत्तर का ऐकत नाही, याचा उलगडा यातून होतो.

वाघ कोणता?

रोज साठ मुलांसमोर अस्खलित बोलणाऱ्या शिक्षकाला केंद्राच्या शिक्षण परिषदेत पाच मिनिटे बोलायला सांगितले की त्याच्या हातातला कागद हलू लागतो. ही गोष्ट वाचकांपैकी अनेकांनी अनुभवली असेल. वर्गापेक्षा तिथे माणसे कमी असतात आणि तीही ओळखीचीच. म्हणजे गर्दी हे कारण नव्हे.

जर्मनीतील ट्रियर विद्यापीठात क्लेमेन्स किर्शबाउम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. प्रयोगशाळेत माणसावर ताण आणायचा, पण त्याला इजा करायची नाही, ही अडचण त्यांनी मोठ्या युक्तीने सोडवली. स्वयंसेवकाला थोडा वेळ तयारी करू देऊन परीक्षक मंडळासमोर पाच मिनिटे बोलायला लावायचे, जणू तो नोकरीसाठी मुलाखत देत आहे. त्यानंतर पाच मिनिटे १०२२ मधून १३ वजा करीत जायचे, तोंडी आणि मोठ्याने. चुकला की पुन्हा १०२२ पासून सुरुवात. परीक्षकांना ताकीद अशी की चेहरा कोरा ठेवायचा, मान डोलवायची नाही, हसायचे नाही. एवढ्या दहा मिनिटांनी लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचे प्रमाण दुप्पट ते चौपट होते. जगभरातील प्रयोगशाळा माणसाला ताण देण्यासाठी आजही ही चाचणी वापरतात. सुई नाही, विजेचा धक्का नाही. तीन माणसांचे निर्विकार चेहरे पुरतात!

सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ साली अशा २०८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. काम नुसते अवघड असले म्हणून कॉर्टिसॉल फारसे वाढत नाही. आपली पारख होत आहे आणि निकाल आपल्या हातात नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ते सर्वाधिक वाढते, असे त्यांना आढळले. २०१३ साली बोखुम विद्यापीठातील संशोधकांनी ट्रियरच्या चाचणीची सौम्य आवृत्ती केली. त्यात वजाबाकी गाळली होती. स्वयंसेवकाने स्वतःविषयी बोलायचे होते आणि परीक्षकांनी आपुलकीने ऐकायचे, मान डोलवायची, हसायचे होते. कॉर्टिसॉल वाढले नाही. परीक्षक मंडळ होते, उभे राहून बोलणेही होते, पण वाघ नव्हता.

निःपक्षपाती दिसावे म्हणून आम्ही परीक्षक प्रदर्शनात चेहरा कोरा ठेवतो. तसे आम्हाला कोणी शिकवलेले नसते, पण तेच योग्य असे आम्ही धरून चालतो. मुलीचे उत्तर अडल्यावर मी प्रश्न सोपा करून पुन्हा विचारला, तो मदत म्हणून. तिला मात्र त्यातून 'पहिल्या प्रश्नात तू नापास झालीस' एवढेच कळले असणार. बोलणाऱ्याची भीती ही केवळ बोलणाऱ्याची नसते. तिचा एक मोठा हिस्सा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो. मी आता टेबलाच्या पलीकडे, मुलांच्या बाजूला उभी राहते आणि "मला करून दाखव" असे म्हणून सुरुवात करते. हाताला काम मिळाले की जीभ बरीच सैल होते. गुणपत्रिका पिशवीत ठेवते आणि दालनाबाहेर पडल्यावर भरते.

झुरळांची शर्यत

प्रेक्षक असले की कामगिरी नेहमी बिघडते, असेही नाही. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली असे मांडले की प्रेक्षकांमुळे शरीर उत्तेजित होते आणि त्या अवस्थेत जे अंगवळणी पडलेले असते ते अधिक सहज बाहेर येते, तर जे नवे किंवा गुंतागुंतीचे असते ते अडखळते. १९६९ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे चक्क झुरळांवर तपासले. झुरळ प्रकाशापासून पळते. एका टोकाला झगझगीत दिवा आणि दुसऱ्या टोकाला अंधारी जागा असलेली सरळ मार्गिका त्यांनी केली. बाजूला पारदर्शक कप्प्यांत 'प्रेक्षक' झुरळे ठेवली. सरळ मार्गावर प्रेक्षक असताना झुरळ अधिक वेगाने धावले. वळण शोधावे लागणाऱ्या मार्गावर मात्र प्रेक्षक असताना त्याला जास्त वेळ लागला.

झुरळाला अब्रूची चाड असेल असे वाटत नाही, म्हणून माणसाचे सगळेच झुरळावरून ताडू नये. पण सरावाचे महत्त्व यातून चांगले समजते. सराव म्हणजे मनातल्या मनात वाचणे नव्हे. ज्या स्नायूंना आणि ज्या कानांना ऐन वेळी काम करायचे आहे, त्यांनाच तो मिळाला पाहिजे. उभे राहून, मोठ्याने, शक्य तर त्याच खोलीत.

येथे आपल्या वक्तृत्व स्पर्धांविषयी थोडे बोलायला हवे. एक ऑगस्टला लोकमान्यांच्या पुण्यतिथीला शाळाशाळांतून भाषणे होतात. त्यांतील बरीच पालकांनी किंवा शिक्षकांनी लिहिलेली आणि मुलांनी शब्दशः पाठ केलेली असतात. 'आदरणीय व्यासपीठ'पासून सुरू झालेली गाडी तिसऱ्या परिच्छेदात अडते. मूल मागे जाऊन पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करते आणि त्याच जागी पुन्हा अडते. शब्दशः पाठांतरात प्रत्येक शब्द हाच पुढच्या शब्दाची खूण असतो. एक कडी निसटली की पुढची साखळी हाती लागत नाही. अर्थ माहीत असता तर दुसऱ्या शब्दांत पुढे जाता आले असते. पण शब्द दुसऱ्याचे, अर्थही दुसऱ्याचाच.

भावनांच्या आविष्कारावरील आपल्या १८७२ च्या ग्रंथात चार्ल्स डार्विन यांनी एका लाजाळू गृहस्थाचा किस्सा दिला आहे. त्याच्या सन्मानार्थ छोटी मेजवानी होती. आभार मानायला तो उठला आणि पाठ केलेले भाषण त्याने हातवाऱ्यांसह, जोर देऊन, पण संपूर्ण निःशब्दपणे केले. तोंडातून एक अक्षर निघाले नाही. मित्रांनी प्रकार ओळखला आणि हातवारे थांबत तेथे टाळ्या वाजवल्या. आपण बोललोच नाही, हे त्या गृहस्थाला कधीच कळले नाही. असे मित्र सर्वांनाच मिळत नाहीत.

माझे मत असे, की पाठ करायचीच तर पहिली दोन वाक्ये करावीत. कारण पहिला मिनिट सर्वांत कठीण असतो. पुढे मुद्दे तेवढे क्रमाने लक्षात ठेवावेत. भाषण मोडके झाले तरी चालेल, पण ते मुलाचे असावे. गांधीजींचे उदाहरण परिचितच आहे. १८९१ साली बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्या खटल्यात उलटतपासणीला ते उभे राहिले. डोके गरगरू लागले, एक प्रश्नही सुचेना, आणि पक्षकाराचे तीस रुपये परत करून ते बाहेर पडले. १८९३ साली प्रिटोरियात मात्र तेथील हिंदी व्यापाऱ्यांच्या सभेत त्यांनी व्यापारातील सचोटी या विषयावर भाषण केले आणि ते बऱ्यापैकी झाले. ते आपले जवळजवळ पहिलेच भाषण, असे ते आत्मकथेत सांगतात. विषयाची तयारी होती आणि सांगायचे होते ते स्वतःचे होते.

आपली थरथर इतरांना किती दिसते?

समजतो त्यापेक्षा बरीच कमी. केनेथ सवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ साली विद्यार्थ्यांना भाषणे करायला लावली आणि 'तुम्ही किती घाबरलेले दिसलात' असे विचारले. श्रोत्यांनी दिलेले उत्तर वक्त्याच्या अंदाजापेक्षा बरेच सौम्य होते. आतली धडधड आपल्याला नगाऱ्यासारखी ऐकू येते, म्हणून ती बाहेरही ऐकू जात असेल असे आपण समजतो. विशेष म्हणजे, ही गोष्ट भाषणापूर्वी ज्यांना समजावून सांगितली होती त्यांची भाषणे अधिक चांगली झाली. फुकटात मिळणारा हा उपाय वर्गात जरूर करून पाहावा.

अपवाद एकच, आणि तो माझ्या धंद्यातला. परिषदेत लेसरचा ठिपका पडद्यावर नाचू लागला की काही लपत नाही. हात अर्ध्या अंशाने हलला तरी पाच मीटरवरच्या पडद्यावर ठिपका सव्वाचार सेंटिमीटरहून अधिक सरकतो. (नववी-दहावीच्या मुलांना हे गणित अवश्य घालावे.) कोपर टेबलावर टेकवले की पुरते.

'घाबरू नकोस' हा सल्ला मात्र कुचकामी आहे. अॅड्रेनलिन आज्ञा पाळत नाही. अॅलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत 'मी शांत आहे' असे स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा 'मला हुरूप आला आहे' असे म्हणणाऱ्यांची भाषणे सरस ठरली. धडधड दोन्हींत सारखीच असते, नाव तेवढे बदलते. एवढ्याने सगळे साधते असे नाही, पण सल्ला द्यायचाच तर हा बरा.

शरीरालाच हाताळायचे असेल तर दार एकच आहे, ते श्वासाचे. मनगटावर बोटे ठेवून सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. श्वास घेताना नाडी किंचित जलद आणि सोडताना किंचित मंद झालेली जाणवते. मुलांमध्ये हा फरक अधिक ठळक असतो. श्वास सोडताना परानुकंपी चेतासंस्थेचा हृदयावरील लगाम आवळला जातो, म्हणून उभे राहण्यापूर्वी चार-पाच दीर्घ निःश्वास उपयोगी पडतात.

खरा टिकाऊ उपाय सवयीचा. इलिनॉय विद्यापीठात गॉर्डन पॉल यांनी भाषणाची धास्ती असलेल्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग १९६६ साली प्रसिद्ध झाला. भीतीची कारणे खोदत बसण्यापेक्षा, अंग सैल सोडून भीतीच्या प्रसंगांची पायरीपायरीने कल्पना करण्याचा उपचार अधिक गुणकारी ठरला. वर्गात आपण कल्पनेऐवजी खऱ्या पायऱ्या घालू शकतो. आधी शेजाऱ्याला सांगणे, मग चौघांच्या गटात, मग जागेवर बसून वर्गाला, मग उभे राहून, आणि शेवटी फळ्यापाशी. सकाळच्या परिपाठात एकदम सगळ्या शाळेपुढे ढकलले की धीट मुले अधिक धीट होतात. भित्री मुले त्या दिवशी पोट दुखते म्हणून घरी राहतात. एखाद्या मुलाचे घरी राहणे नेहमीचेच झाले, तर ते शिक्षकाच्या आवाक्यातले नाही. पालकांशी बोलून मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यावी. तोतरेपणाही वेगळा, त्यावर वाचातज्ज्ञ असतात.

वर्गातला एक प्रयोग

चार मुलांनी एकेक मिनिट बोलायचे. प्रत्येकाच्या मनगटावरची नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणायची, एकूण पाच वेळा : स्वस्थ बसलेले असताना, चिठ्ठीत नाव निघाल्यावर, बोलायला उठण्याआधी, बोलून झाल्याबरोबर आणि आणखी पाच मिनिटांनी. आकडे फळ्यावर मांडून आलेख काढावा. बहुतेकांच्या बाबतीत शिखर बोलून झाल्यावर नसते. ते बोलण्याच्या तोंडावर किंवा अगदी सुरुवातीला असते. म्हणजे भीतीचा चढ संपतो तेथेच भाषण सुरू होते. हे मुलांना फळ्यावर स्वतःच्या आकड्यांत दिसते.

चिठ्ठ्यांत शिक्षकांचे नावही घालावे. मागच्या बाकावर मुख्याध्यापकांना बसवता आले तर शिक्षकांचा आलेख अधिक चांगला येतो.